मधला काप

धाकटीला राग कशाचा आला ते आधीच सांगून टाकलेलं बरं, म्हणजे नंतर कोणी म्हणायला नको की बाई उगाच भडकली. तिच्या हाताला नावं ठेवली गेली. तीही तोंडावर नाही, पाठीमागे, कागदावर. आणि ठेवणारा माणूस घरचाच निघाला.

गुरुवारी सकाळी ती प्रयोगशाळेच्या प्रिंटरवरून डब्यांना चिकटवायच्या चिठ्ठ्या आणायला गेली होती. तो प्रिंटर सगळ्यांचा मिळून एकच, त्यामुळे तिच्या चिठ्ठ्यांवर दुसऱ्याच कोणाचं तरी पत्र येऊन पडलं होतं. दुसऱ्याचं पत्र वाचू नये हे तिलाही कळतं. पण पत्राच्या मध्यावर ‘पॉलिश’ हा शब्द होता, आणि त्या सबंध इमारतीत पॉलिश करणारी ती एकटीच. मग वाचणार नाही तर काय करणार? लिहिलं होतं, ‘छायाचित्रात दोन कप्प्यांच्या मध्ये दिसणारा बारीक धागा शिलारसाचा नाही. पॉलिश करणाऱ्या कर्मचाऱ्याच्या सदोष कामामुळे पडलेला तो ओरखडा आहे.’ खाली सही होती भावोजींची.

सदोष काम. बावीस वर्षं जिनं दगड घासले, जिच्या हाताखालून आरशासारखे निघाले, तिचं काम सदोष. धाकटीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पत्र होतं तसं ठेवलं, चिठ्ठ्या उचलल्या आणि आपल्या खोलीत येऊन दार लावून घेतलं. त्या दिवशी तिनं एकाही दगडाला हात लावला नाही. रागाच्या हातानं घासलं तर खरंच ओरखडे पडतात, आणि तेवढं सुख तिला भावोजींना द्यायचं नव्हतं.

भावोजी म्हणजे ताईचा नवरा. प्रयोगशाळेचे प्रमुख. तिथं ते ‘सर’ आणि घरी ‘भावोजी’, ही फाळणी धाकटीनं पहिल्या दिवसापासून पाळली होती. ही नोकरी तिला त्यांनीच लावली. ही गोष्ट विसरायची सोय नव्हती, कारण कोणी ना कोणी दर महिन्याला तिची आठवण करून द्यायचंच. ‘भावोजी होते म्हणून हो’, असं आई म्हणायची. आई गेली, तेव्हा तो वसा ताईनं उचलला. धाकटीनं लग्न का केलं नाही ही चर्चा इथं नको, पण त्यामुळे ती ताईच्याच इमारतीत एक मजला खाली राहायची आणि संध्याकाळचं जेवण वरतीच व्हायचं. म्हणजे दिवसभर ज्याच्या हाताखाली राबायचं, त्याच्याच ताटाशेजारी रात्रीचं ताट मांडायचं. पाण्यात राहून माशाशी वैर कसं करणार?

आता त्या ‘कप्प्यांचं’ काय प्रकरण होतं, तेही सांगायला हवं. आपल्या पायाखाली, पार खोल, पृथ्वीचं प्रावरण आहे. लोकांना वाटतं तिथं सगळा रस उकळत असेल. तसं काही नाही. तो दगडच असतो, घट्ट, तापलेला, मुंगीलाही लाजवेल इतका हळू सरकणारा. असा दगड वर सरकता सरकता त्याच्यावरचा दाब कमी होतो आणि तो वितळायला लागतो. पण सगळा नाही. शंभरातला एखादा भाग, फार तर दोन. तो रस दगडाच्या कणाकणांच्या सांध्यात, कोपऱ्याकोपऱ्यात जमतो. भांडण होतं ते इथून पुढचं. एवढासा रस त्या कोपऱ्यांतच अडकून राहतो, की वाट काढून दगडापासून सुटतो आणि वर चढायला लागतो?

भावोजींचं म्हणणं, अडकून राहतो. दोन टक्क्यांच्या खाली प्रत्येक थेंब आपापल्या बंद कप्प्यात. दगडाची पूड इवल्याशा कुपीत भरून, प्रेस नावाच्या यंत्रात दाबून-तापवून आणि मग ती कुपी कापून बघून त्यांनी हे ठरवलं होतं. हे त्यांनी अकरा वर्षं सांगितलं होतं, छापलं होतं, त्यावर मानसन्मान घेतले होते. दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं आता उलट लिहिलं होतं की रस सुटतो, आणि तुमच्याच छापलेल्या चित्रात दोन कप्प्यांना जोडणारा धागा दिसतोय, जरा डोळे उघडून बघा. त्यावर भावोजींचं उत्तर ते पत्र. नाचता येईना अंगण वाकडं. आणि अंगण कोण, तर धाकटी.

त्या संध्याकाळी ती वर गेली तेव्हा ताई स्वयंपाकघरात भेंडी चिरत होती. ताईचं चिरणं बघत राहावं असं. बोलता बोलता सुरी चालते आणि एकसारख्या चकत्या पाटावर पडत जातात.

“तोंड का असं?” ताईनं विचारलं.

धाकटीनं सांगितलं. सगळं सांगितलं, पत्रासकट. ताईची सुरी थांबली नाही.

“अगं, पण ओरखडा पडला असेल तर पडला असेल. माणूसच आहेस ना तू?”

“ओरखडा नाही तो. ओरखड्याची कड फाटकी असते, आणि त्यात घासायची पूड शिरते, ती काळपट दिसते. तो धागा काचेचा आहे. रस थंड झाल्यावर झालेली काच. मला फरक कळत नाही का?”

“मग ते म्हणतात ते बंद कप्पे?”

धाकटीनं पाटावरची एक चकती उचलली आणि ताईच्या डोळ्यांपुढं धरली.

“यात काय दिसतं?”

“भोकं. पाच.”

“बंद आहेत?”

“हो, भोवती भिंती आहेत की.”

“मग भेंडीत भोकं असतात का?”

ताई हसली. “काहीतरीच काय. भेंडीत लांब नळ्या असतात, देठापासून टोकापर्यंत. आडवी कापली म्हणून...” आणि तिची सुरी थांबली.

“हेच. भावोजी कुपी मधोमध कापायला लावतात. त्या मधल्या कापाचा मी आरसा करून देते, ते चित्र काढतात आणि म्हणतात, बघा, सुटे सुटे त्रिकोण, बंद कप्पे. चकतीकडे बघून भेंडीबद्दल बोलतात. पण घासलेल्या बाजूला आम्ही चेहरा म्हणतो, आणि त्या शेवटच्या चेहऱ्यापर्यंत पोचायला मी आधीचे चाळीस-पन्नास चेहरे घासून काढलेले असतात, ताई. प्रत्येक चेहरा मी बघते. त्रिकोण जात नाही. जरा सरकतो, शेजारच्याला मिळतो, पुन्हा फुटतो. नळ्या आहेत त्या. वहीत काढून ठेवल्यात मी सगळ्या.”

ताईनं चकती हातात घेतली, उलटी करून बघितली, परत पाटावर ठेवली.

“म्हणजे तुझं बरोबर आहे,” ती हळूच म्हणाली.

तेवढ्यात भावोजी आले. हात धुतले, खुर्चीत बसले, आणि जेवायच्या आधीच त्यांनी एक कागद धाकटीपुढं सरकवला. दोनच ओळी होत्या. ‘संबंधित नमुन्याच्या पॉलिशमध्ये माझ्याकडून दोष राहिला होता, हे मी मान्य करते.’ खाली सहीसाठी रेघ.

“सोमवारी परीक्षक बाई येतायत,” ते म्हणाले. “आपल्याला जी संस्था चालवते ना, तिनं पाठवल्यात. तीन दिवस बसून सगळं तपासणार आहेत. हा कागद फायलीत असला की विषय संपला. तुझ्या नोकरीला काही होणार नाही, ते मी बघतो.”

“भावोजी, दोष राहिला नव्हता.”

“अगं, कोण वाचतंय? तू कुठं परिषदांना जातेस? तुझं नाव कोणाला माहीत आहे?” हे ते अगदी समजुतीच्या सुरात म्हणाले, लहान मुलाला औषध पाजावं तसं. “माझी मात्र अकरा वर्षं आहेत यात.”

धाकटीनं ताईकडे बघितलं. ताई गॅसकडे तोंड करून उभी होती.

“करून टाक ना सही,” ताई तिकडूनच म्हणाली. “तुझं काय जातंय? त्यांच्यामुळेच तर आहोत आपण.”

धाकटीनं कागदाची घडी केली आणि पर्समध्ये टाकला. “वाचून करते,” एवढंच म्हणाली, आणि न जेवता खाली गेली. दोन ओळी वाचायला किती वेळ लागतो, हे भावोजींनाही कळत होतं. 

खाली येऊन ती रडली असेल असं कोणाला वाटेल. रडली नाही. भांडी घासली, आधीच घासलेली होती ती पुन्हा घासली. तिला राग भावोजींचा होता, पण डाचत होता तो ताईचा. ज्याला कळत नाही त्यानं सही कर म्हणावं, ते समजू शकतं. हिला कळलं होतं. ‘तुझं बरोबर आहे’ हे ती स्वतःच्या तोंडानं म्हणाली होती, आणि पाच मिनिटांत फिरली.

शुक्रवारी धाकटीनं कपाट उघडलं. कपाटाची किल्ली तिच्याकडेच असायची, कारण नमुन्यांच्या डब्यांचं हे ओझं आणखी कोणाला नको होतं. तिथली रीत अशी की कुपी कापली की खालचा अर्धा भाग पॉलिशला घ्यायचा आणि वरचा अर्धा डब्यात घालून ठेवून द्यायचा. ‘राखीव’ अशी चिठ्ठी लावायची. राखीव कशासाठी, ते अकरा वर्षांत कोणी विचारलं नव्हतं. तिला हवा होता तो शेवटच्या प्रयोगाचा डबा, ज्याच्या चित्रात तो धागा दिसला होता त्याचा. ती कुपी वाटाण्याएवढी, आत ऑलिव्हीन या हिरवट खनिजाची पूड आणि शंभराला एक भाग बेसॉल्ट, म्हणजे वितळून रस होणारा दगड. चाळीस किलोमीटर खोलीवर असतो तेवढ्या दाबाखाली, तेराशे अंशांवर, एकवीस दिवस. बाविसाव्या दिवशी प्रेसचा गाभा तडकला आणि नवा यायला आठ महिने लागणार होते. म्हणजे तशी कुपी दुसरी नव्हती.

“काय शोधताय, बाई?” मागून प्रेसवाला म्हणाला. हा माणूस त्या यंत्राशी बोलायचा, त्याला दटावायचा, आणि ते तडकलं त्या दिवशी घरी जाऊन झोपला होता.

“वरचा अर्धा.”

“कशाला?”

धाकटीनं त्याला पर्समधला कागद दाखवला. प्रेसवाल्यानं वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला.

“चोराच्या उलट्या बोंबा,” तो म्हणाला. “सही केलीत?”

“नाही अजून.”

“माझा गाभा तडकला तेव्हा मलाही म्हणाले होते, लिहून द्या की दाब तुम्ही जास्त लावलात. दिलं लिहून.” त्यानं कागद परत दिला. “दिलं, आणि त्या दिवसापासून यंत्राच्या खोलीत पाऊल ठेवताना माझी मलाच लाज वाटते. तुम्ही देऊ नका.”

धाकटीनं डबा खिशात घातला. तिच्या मनाशी एकच हिशेब होता. वरचा अर्धा भाग मधल्या कापापासून वर, झाकणापर्यंत, थराथरानं घासत जायचा. त्रिकोण बंद कप्प्याचे असतील तर संपतील आणि दुसरेच कुठले तरी दिसतील, नळ्या असतील तर वर चालत जातील. पण घासलेला थर परत येत नाही. दाखवायला एकदाच मिळणार होतं. चुकलं तर तिची अब्रूही जाणार आणि जगातली एकुलती एक कुपीही.

सोमवारी परीक्षक बाई आल्या. साठीच्या पुढच्या, पायात पावसाळी बूट, बोलणं कमी. आयुष्य डोंगरात दगड फोडण्यात गेलेलं, त्यामुळे खुर्चीत बसायला त्यांना आवडत नव्हतं. त्यांनी चहा नको म्हटलं आणि ते चित्रच मागितलं. भावोजींनी ते पडद्यावर लावलं. दोन करडे त्रिकोण आणि मधला धागा, नाकावरच्या माशीसारखा समोर.

“हा ओरखडा,” भावोजी म्हणाले. “दुर्दैवानं आमच्या पॉलिशच्या बाजूला जरा... मनुष्यबळ जुनं आहे. संबंधित कर्मचाऱ्यांनी ते मान्य केलंय. कागद फायलीत येईलच.”

धाकटी दारात उभी होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं.

“मान्य केलेलं नाही,” ती म्हणाली.

भावोजींनी वळून बघितलं, आणि त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तर नुसतं आश्चर्य. घरातली खुर्ची बोलली असती तर त्यांनी असंच बघितलं असतं. धाकटीला त्या आश्चर्याचाच जास्त राग आला.

“संबंधित कर्मचारी मी. बावीस वर्षं मीच घासते इथले दगड,” ती परीक्षक बाईंना म्हणाली. तिचा आवाज कापत होता आणि तिनं तो कापू दिला. “तो ओरखडा नाही. ओरखडा असेल तर माझा हात तोडून देईन. ही माझी वही. यात नऊ कुप्यांचे थर आहेत, एकेक चेहरा काढलेला. आणि हा शेवटच्या कुपीचा वरचा अर्धा. तुमच्यासमोर घासते. प्रत्येक थराचा फोटो तुमच्या हातानं घ्या.”

“तो राखीव नमुना आहे,” भावोजी उठलेच. “एकमेव आहे. तू तो... तुम्ही तो नष्ट कराल.”

“राखीव कशासाठी?” परीक्षक बाईंनी विचारलं.

बाईंनी वही चाळली, मध्येच एका पानावर थांबल्या, मागचं पान बघितलं, पुढचं बघितलं, आणि अंगातला कोट काढून खुंटीला लावला.

“कुठं घासता तुम्ही?” त्या म्हणाल्या.

धाकटीची खोली लहान. एक चाक, एक नळ, सूक्ष्मदर्शक, खिडकीत पुसायची फडकी वाळत घातलेली. तिनं मधल्या कापावर आधी हिऱ्याच्या टोकानं एक बारीक खड्डा पाडला. खड्डा जितका लहान होईल तितकं घासलं गेलं, ही तिची मोजपट्टी. मग घासायला लागली. केसाच्या जाडीचा सातवा भाग निघाला की थांबायचं, धुवायचं, बघायचं, फोटो. पहिल्या चेहऱ्यावर तिनं एका त्रिकोणावर बोट ठेवलं. “हा धरू. याचा पाठलाग करू.”

दुसऱ्या थरात तो होता. तिसऱ्यात जरा डावीकडे सरकला. पाचव्यात त्याची एक बाजू ओढल्यासारखी लांब झाली, आणि सहाव्यात तिथं धागा होता, शेजारच्या त्रिकोणापर्यंत पोचलेला. अगदी त्या चित्रातल्यासारखा.

“हाही ओरखडा का, सर?” धाकटीनं विचारलं. तिच्या जिभेला धार आली होती आणि ती लपवत नव्हती.

सातव्या थरात धागा फुटून दोन त्रिकोण झाले, दोन्ही वर निघालेले. परीक्षक बाई फोटो घेत राहिल्या. दर पंधरा मिनिटांनी एक. प्रेसवाला दारात येऊन उभा राहायचा, आकडा विचारायचा आणि जायचा. भावोजी मध्येच म्हणाले की हा योगायोग असू शकतो. बाराव्या थराला पुन्हा म्हणाले. अठराव्याला म्हणाले नाहीत. त्या दिवशी एकवीस थर झाले. धाकटीनं उरलेला तुकडा परीक्षक बाईंच्या हातात दिला आणि म्हणाली, “आज रात्री हा तुमच्याजवळ ठेवा. माझ्याजवळही नको आणि सरांजवळही नको.”

त्या संध्याकाळी ती वर जेवायला गेली नाही. ताईचा निरोप आला, ‘सही झाली का? ते फार अस्वस्थ आहेत.’ धाकटी अस्वस्थ आहे का, ते निरोपात नव्हतं. तिनं निरोप तीनदा वाचला आणि तिसऱ्यांदा वाचताना पोळी तव्यावर जळली.

मंगळवारी तिसाव्या थरापर्यंत तसंच चाललं. मग बाई म्हणाल्या की आता मोठे टप्पे घेऊ, झाकणाकडे काय आहे ते बघू. तिथवर कोणी कधी गेलंच नव्हतं. धाकटीही नाही. तिच्या वहीतल्या सगळ्या कुप्या खालच्या अर्ध्या. इथून पुढचं तिलाही माहीत नव्हतं.

जसजसं झाकण जवळ आलं तसतसे त्रिकोण जाड होत गेले. कण विरळ झाले. दुपारी साडेचारला तिनं तुकडा धुतला, पुसला, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि डोळा लावला. मग बाजूला सरकली आणि बाईंना जागा दिली.

चेहराभर एकच करडा रंग होता. कण नाही, त्रिकोण नाही. नुसती काच.

“मिश्रण करताना बेसॉल्ट वर ठेवला होता?” बाईंनी विचारलं.

“छे,” दारातून प्रेसवाला म्हणाला. “शंभराला एक, दोन तास खलून सगळीकडे सारखा. माझ्या हातानं.”

“मग हा खालून आलाय,” बाई म्हणाल्या. “हलका म्हणून चढला की उष्णतेच्या फरकानं ओढला गेला, ते पुढं बघू. पण आलाय. कप्प्यात अडकलेला रस असा झाकणापाशी येऊन बसत नाही.” मग त्या धाकटीकडे वळल्या. “वरची बाजू कधीच बघितली नव्हती कोणी?”

“मधल्या कापाची रीत आहे इथं,” धाकटी म्हणाली.

आणि आता ऐका, माणूस कसा असतो ते. भावोजी पुढं झाले, सूक्ष्मदर्शकात बघितलं, बराच वेळ बघितलं, आणि सरळ होऊन म्हणाले, “विलक्षण. म्हणजे आमच्याच प्रयोगशाळेनं हे दाखवलं. आमचं पॉलिश आहेच तसं, बाई. मी नेहमी सांगतो सगळ्यांना.”

धाकटीचे हात ओले होते. ते तिनं फडक्याला पुसले, एकेक बोट. मग पर्समधून तो घडी केलेला कागद काढला, उलटा केला, कोरी बाजू वर करून त्यांच्यापुढं ठेवला आणि त्यावर पेन ठेवलं.

“लिहा.”

“काय?”

“पॉलिशमध्ये दोष नव्हता. पत्रातला आरोप खोटा होता. आणि कर्मचारी लिहू नका, माझं नाव लिहा.”

भावोजींनी परीक्षक बाईंकडे बघितलं. बाई कोट घालत होत्या आणि त्यांना काही घाई नव्हती. भावोजी खाली वाकून हळू आवाजात म्हणाले, “अगं, हे आपण घरी बोलू ना.”

“घरी भावोजी. इथं सर. सर, लिहा.”

त्यांनी लिहिलं. दोनच ओळी झाल्या. ‘खोटा’ हा शब्द लिहिताना त्यांनी पेन उचललं आणि ‘चुकीचा’ चालेल का, असं विचारलं. धाकटी म्हणाली नाही चालणार. मग तिच्या नावापाशी थांबले, कारण तिचं नाव कागदावर लिहायची वेळ बावीस वर्षांत आली नव्हती, आणि आडनावातली वेलांटी ऱ्हस्व की दीर्घ तेही तिनंच सांगितलं. सही झाली. प्रेसवाला अजून दारातच होता. परीक्षक बाईंनी कागद वाचला, घडी केली आणि स्वतःच्या वहीत ठेवला.

जिंकल्यावर राग जातो म्हणतात. धाकटीचा गेला नाही. ती चाक पुसत बसली, नळ बंद केला, उरलेली काचेची कपची डब्यात ठेवली आणि चिठ्ठीवरचा ‘राखीव’ हा शब्द खोडला. तेवढ्यात फोन वाजला. ताई.

“झाली का गं सही?”

“झाली. भावोजींची.”

ताई म्हणाली, “म्हणजे?”

धाकटीनं सांगितलं. थर, धागा, झाकणापाशी जमलेली काच, कागद. ताईनं मध्ये एकदाही तोडलं नाही. सगळं ऐकून झाल्यावर म्हणाली, “अगं, असं होतं तर आधी सांगायचंस ना मला. मला काय माहीत, तुझं बरोबर होतं ते. माहीत असतं तर मी तुला सही कर म्हणाले असते का?”

धाकटीनं हातातलं फडकं खाली ठेवलं.

“माहीत होतं, ताई,” ती म्हणाली. “भेंडीची चकती हातात धरून तूच म्हणाली होतीस.”

ताईनं फोन ठेवला नाही. धाकटीनंही ठेवला नाही. पलीकडे गॅसवर काहीतरी उकळत होतं, आणि ते उतू जाईपर्यंत दोघींपैकी कोणीच बोललं नाही.